आदर्शाचा दुसरा अर्थ

जयपूरच्या जुन्या तटाबाहेर 'आदर्श नगर' नावाची वसाहत आहे. सवाई जयसिंहांनी १७२७ साली चौकटी आखून वसवलेले मूळ नगर हे एका राजाच्या शास्त्रशुद्ध स्वप्नाचे फळ होते. आदर्श नगर हे फाळणीनंतरच्या काळाचे अपत्य. १९४७ साली घरदार सोडून आलेली अनेक कुटुंबे येथे स्थिरावली. मुलतानहून आलेल्या जैनांनी सोबत आणलेल्या मूर्तींचे मंदिर आजही तेथे उभे आहे. माणसांच्या सामुदायिक क्रौर्याचा अनुभव घेऊन आलेल्यांच्या वस्तीला 'आदर्श' हे नाव मिळावे, यात स्वातंत्र्योत्तर भारताची सारी आशा साठवलेली दिसते. असे नाव एकट्या जयपुरात नाही. आपल्या देशात आदर्श नगरे, आदर्श गावे, आदर्श शाळा ठिकठिकाणी आहेत. निवडणुकीच्या काळात तर 'आदर्श आचारसंहिता'ही लागू होते. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ आपण जवळजवळ विसरलो आहोत. संस्कृतात 'आदर्श' म्हणजे आरसा. ज्यात पाहून स्वतःला सुधारावे ते रूप, हा त्याचा नंतरचा अर्थ; ज्यात आहे तेच रूप दिसते ती वस्तू, हा पहिला.

ज्या नाट्यप्रकाराचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे, त्याचे मर्म या दोन अर्थांच्या मधल्या अंतरात आहे. टॉमस मोर याने १५१६ साली 'युटोपिया' लिहून आदर्श राज्याच्या चित्रणाला नाव दिले. त्याच्या उलट टोकाचा शब्द, म्हणजे 'डिस्टोपिया', राजकीय भाषणात आला तो १८६८ साली. ब्रिटिश संसदेत आयर्लंडविषयक सरकारी धोरणावर टीका करताना जॉन स्टुअर्ट मिल याने तो प्रतिपक्षाला चिकटवला. म्हणजे साहित्यप्रकार म्हणून रूढ होण्यापूर्वी हा शब्द चालू राजकारणावरचा शेरा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मराठीत त्याला आपण दुःस्वप्नराज्य म्हणू. भविष्यकाळात कल्पिलेले, सर्वंकष सत्तेखाली दडपलेले, माणसांची वर्गवारी करणारे असे हे राज्य. गेल्या काही वर्षांत दूरचित्रवाणीच्या आणि घरबसल्या पाहावयाच्या नव्या माध्यमांच्या पडद्यावर त्याची चित्रे वारंवार येऊ लागली आहेत. ही नाट्ये आजच्या राजकारणाविषयी काय सांगतात, हा प्रश्न म्हणूनच केवळ करमणुकीचा राहत नाही.

या प्रश्नाचे सर्वसाधारण उत्तर असे दिले जाते, की ही नाट्ये आपल्याला पुढच्या संकटाचा इशारा देतात. हे उत्तर अपुरे आहे. इशारा देणारा मनुष्य पुढे काय होईल हे सांगतो. दुःस्वप्नराज्याचा नाटककार बहुधा आज काय चालले आहे तेच सांगत असतो, आणि त्यासाठी भविष्यकाळाचा वेष घेतो. मार्गारेट अॅटवुड यांनी आपल्या 'द हँडमेड्स टेल' (१९८५) या कादंबरीविषयी म्हटले आहे, की माणसांनी इतिहासात कोठे ना कोठे पूर्वीच केलेले नाही असे काहीही त्यांनी त्या कादंबरीत घातले नाही. भविष्य हे तेथे स्थळ नसून वेषांतर आहे. आणि वेषांतराची ही विद्या मराठी रंगभूमीला नवी नाही. फरक इतकाच, की आपल्या नाटककारांनी वेष घेतला तो भूतकाळाचा.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले. विराटाच्या राजवाड्यातील सैरंध्री, तिच्यावर डोळा ठेवणारा मदांध कीचक, संयमाचा उपदेश करणारा युधिष्ठिर आणि संताप आवरू न शकणारा भीम ही सारी महाभारतातील पात्रे. पण प्रेक्षागृहातील प्रत्येकाला ठाऊक होते, की कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे पारतंत्र्यातील भारत, आणि दोन पांडव म्हणजे मवाळ व जहाल. सरकारलाही ते समजले; १९१० साली मुंबई सरकारने नाटकावर बंदी घातली. येथे पौराणिक वेषाने दोन कामे साधली. नाटककाराला त्याने कायद्यापुढे उभे राहण्यापुरती आडोशाची जागा दिली. आणि प्रेक्षकाला त्याने आश्वासन दिले. कारण कीचकाचे पुढे काय झाले हे प्रेक्षकाला नाट्यगृहात शिरण्यापूर्वीच माहीत होते. ज्याचा शेवट ठरलेला आहे अशा कथेत आजच्या अन्यायाला बसवले, की त्या अन्यायाचा शेवटही ठरल्यासारखा वाटू लागतो. 'कीचकवधा'ची शक्ती या वाटण्यात होती.

विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये हा आधार ढासळतो. १९७२च्या डिसेंबरात पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली या नाटकाचा पहिला प्रयोग केला. वरकरणी ही उत्तर पेशवाईतली कथा: कनोजहून आलेला घाशीराम अपमानित होतो, आपली मुलगी नाना फडणविसाच्या स्वाधीन करून पुण्याची कोतवाली मिळवतो आणि शहरावर सूड उगवतो. त्याच्या राज्यात साध्यासाध्या गोष्टींना परवाना लागतो. रात्री बाहेर पडणारा प्रत्येक मनुष्य संशयित ठरतो. पाळत, परवाना आणि चौकशी ही दुःस्वप्नराज्याची तिन्ही मुख्य साधने येथे उपस्थित आहेत. भविष्यकाळ तेवढा नाही. आणि जी गोष्ट या नाटकाला जगाच्या रंगभूमीवर वेगळे स्थान देते, ती म्हणजे नटांची ती सलग रांग, ती मानवी भिंत. ही भिंत गाते, नाचते, भक्तीत रंगते, पाठ फिरवून जे चालले आहे ते झाकते आणि क्षणात तोंड वळवून त्याचा साक्षीदार होते. घाशीराम शेवटी मारला जातो, इतिहासातही तो १७९१ साली मारला गेला. पण कोतवाल निर्माण करणारा नाना सुरक्षित राहतो, आणि भिंत पुन्हा गाऊ लागते. जुलमी माणसाच्या मरणाने येथे काहीच मिटत नाही. तो मेला तरी त्याला शक्य करणारी रांग शिल्लक आहे, हे तेंडुलकरांनी दाखवले.

या नाटकावर जे वादळ उठले त्याचे स्वरूपही बोधप्रद होते. आक्षेप घेणाऱ्यांचा रोख मुख्यतः नानांच्या चारित्र्यहननावर आणि एका समाजाच्या बदनामीवर होता. १९८० साली नाटक युरोपच्या दौऱ्यावर निघाले तेव्हाही हाच विरोध झाला. भूतकाळाचा वेष घेतला, की त्या भूतकाळाचे वारस जागे होतात आणि चर्चा 'आज'वरून 'तेव्हा'वर सरकते. नाना खरोखर तसे होते काय, हा वाद वर्षानुवर्षे चालला. आपण त्या भिंतीत उभे आहोत काय, हा प्रश्न त्या गदारोळात बाजूला पडला. ऐतिहासिक रूपकाची ही मर्यादा आहे. प्रेक्षकाला वर्तमानातून निसटण्याची वाट ते स्वतःच पुरवते.

भविष्यकाळाच्या वेषाला अशी वाट नसते, कारण भविष्यातील माणसांचे वारस नसतात. असलेच तर ते आपणच त्यांचे पूर्वज असतो. दूरचित्रवाणीने ही शक्यता फार लवकर ओळखली. जॉर्ज ऑर्वेलच्या १९४९ सालच्या 'नाइन्टीन एटी-फोर' या कादंबरीचे नाट्यरूप बी.बी.सी.ने १२ डिसेंबर १९५४ रोजी प्रक्षेपित केले. नाट्यरूप नायजेल नील यांचे, आणि प्रमुख भूमिका पीटर कुशिंग यांची. प्रेक्षकांत इतकी खळबळ माजली, की प्रश्न थेट संसदेपर्यंत गेला. त्या खळबळीचे एक कारण माध्यमातच होते. भिंतीवरचा पडदा माणसावर नजर ठेवतो अशी ती कथा. आणि ती कथा लोक आपापल्या दिवाणखान्यात, एका पडद्यासमोर बसून पाहत होते. नाट्यगृहातील प्रेक्षक घर सोडून येतो. येथे नाटक घरात येते, आणि घर हेच त्याचे रंगस्थळ होते. आजचा पडदा तर प्रेक्षकाच्या तळहातावर आहे, आणि आपण काय पाहिले, कोठे थांबलो, काय अर्धवट सोडले याची नोंद तो ठेवतो. पाळतीविषयीचे नाटक पाहणाऱ्यावर पाळत ठेवली जात असते, हा विरोधाभास नाटककाराने निर्माण केलेला नाही. तो त्याला आयता मिळाला आहे.

भारतीय पडद्यावर या प्रकाराची दोन उल्लेखनीय उदाहरणे लागोपाठच्या वर्षी आली, आणि दोहोंतही मराठी कलावंतांचा महत्त्वाचा वाटा आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली तीन भागांची 'घूल' ही पॅट्रिक ग्रॅहम यांची मालिका. तिची नायिका निदा रहीम ही लष्करी चौकशी-यंत्रणेतील तरुण अधिकारी. ही भूमिका पुण्याच्या रंगभूमीवर घडलेल्या राधिका आपटे यांनी केली. जून २०१९ मध्ये आलेली सहा भागांची 'लैला' ही प्रयाग अकबर यांच्या २०१७ सालच्या इंग्रजी कादंबरीवर आधारलेली. तिच्या लेखनाची मुख्य धुरा उर्मी जुवेकर यांनी वाहिली, आणि दिग्दर्शकांत दीपा मेहता होत्या.

'घूल'मध्ये संशयितांना डांबून ठेवणाऱ्या गुप्त केंद्राचे नाव 'मेघदूत' आहे. कालिदासाच्या वाचकाला या नावाशी क्षणभर थबकावेच लागते. विरही यक्षाचा निरोप नेणाऱ्या मेघाचे नाव ज्या तळघराला दिले आहे, तेथून कोणाचाही निरोप बाहेर जात नाही. सत्ता संस्कृतीचा नाश करते असे आपण म्हणतो. ती बहुधा संस्कृतीची नावे घेते, आणि नावे शिल्लक राहिल्यामुळे नाश लक्षात येत नाही, असे येथे सुचवले आहे. परंतु मालिकेतील सर्वांत भेदक प्रसंग त्या केंद्रात घडत नाही. तो त्यापूर्वी घडतो. निदा आपल्या शिक्षक वडिलांना स्वतःच सरकारच्या हवाली करते. ती दुष्ट नाही, भ्यालेलीही नाही. वडिलांच्या विचारांना वळण लागेल आणि ते सुखरूप परत येतील, असा तिचा प्रामाणिक विश्वास आहे. पुढे येणारा पिशाचाचा भाग भयकथेच्या सरावाचा आहे. खरे भय मुलीच्या त्या विश्वासात आहे.

'लैला'मध्ये आर्यावर्त नावाचे राष्ट्र आहे, शुद्धतेचे वेड आहे, वेगवेगळ्या समुदायांना वेगळे करणाऱ्या उंच भिंती आहेत, आणि मिश्र विवाहातून झालेल्या आपल्या मुलीला शोधणारी शालिनी आहे. मालिकेचा जयघोष करणारा, नेत्याच्या प्रतिमांनी भरलेला भाग सहज ओळखता येतो, आणि म्हणूनच तो थोडा सोपाही वाटतो. गणवेश आणि घोषणा दिसल्या की प्रेक्षकाला आपला पक्ष निवडणे अवघड जात नाही. मालिका अधिक खोलवर जाते ती पाण्याच्या प्रश्नात. भिंतींच्या आतल्यांना पाणी आणि गारवा, बाहेरच्यांना तहान आणि आतल्यांच्या गारव्यातून बाहेर फेकली गेलेली उष्णता, अशी ही वाटणी आहे. येथे अन्याय कोणा एका हुकूमशहाच्या सहीने होत नाही. तो नळाच्या जोडणीतून होतो. आणि शालिनीही पूर्वी भिंतीच्या सुखद बाजूलाच होती. तिच्या संकटापूर्वीच्या जगातही घरकाम करणाऱ्या स्त्रीचे जग वेगळे होते, याची जाण विशेषतः मूळ कादंबरीत आहे. भिंत बांधली गेल्याचे दुःख तिला झाले ते भिंतीची दुसरी बाजू वाट्याला आल्यावर.

हे सारे अतिरंजित आहे असा आक्षेप घेतला जातो. त्याला उत्तर देण्यासाठी कल्पनेकडे जाण्याची गरज नाही. मार्च २०१६ मध्ये लातूर येथे पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम लागू करण्यात आला. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी नेले गेले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, पाणी सुमारे पाच लाख लिटर होते. या वाघिणी राजस्थानातील कोटा येथे वाफेने धुऊन पाठवल्या गेल्या होत्या. गाडीला 'जलदूत' असे नाव दिले होते. ही गाडी ज्यांनी चालवली त्यांनी लोकांची तहान भागवली, त्यांच्याविषयी कृतज्ञताच असावी. परंतु पाण्याभोवती माणसांनी जमणे हा गुन्हा ठरतो, आणि तहानेला काव्यमय नावाची गाडी मिळते, हे दोन तपशील एखाद्या लेखकाने कादंबरीत घातले असते तर समीक्षकाने त्याला अतिरेकी म्हटले असते. 'मेघदूत' हे नाव २०१८ साली पडद्यावर आले. 'जलदूत' दोन वर्षे आधी रुळांवर धावून गेली होती. दुःस्वप्नराज्याचा लेखक आजच्या वास्तवात भर घालतो तो कमीच. त्याचे काम, सवयीमुळे दिसेनासे झालेले पुन्हा दिसेल इतके अंतर निर्माण करण्याचे.

दुसरा आक्षेप प्रचाराचा. कलावाद आणि जीवनवाद यांचा आपल्याकडील जुना वाद येथे नव्या रूपाने परत येतो. ही नाट्ये एका राजकीय बाजूची हत्यारे आहेत, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगता येईल, की तशी ती असतील तेथे ती कलाकृती म्हणूनही कमी पडतात. आणि त्यांचे कमी पडणे एका विशिष्ट ठिकाणी होते. २०१७ साली 'द हँडमेड्स टेल'ची मालिका अमेरिकेत सुरू होण्याच्या सुमारास स्त्रिया त्यातील तांबडे झगे आणि पांढऱ्या टोप्या घालून विधिमंडळांत निदर्शने करू लागल्या. नाट्यातील वेष नागरी प्रतिकाराचे चिन्ह व्हावा, हे नाट्याचे मोठेच यश. परंतु यात एक धोकाही दडलेला आहे. दुःस्वप्नराज्य पाहणारा प्रत्येक प्रेक्षक स्वतःला बळीच्या जागी ठेवतो. त्यातील पहारेकरी, कारकून, शेजारी यांच्या जागी स्वतःला ठेवणारा प्रेक्षक क्वचितच भेटतो. परस्परांचे कट्टर विरोधक असलेले पक्ष एकच मालिका पाहून, आपण छळले जात आहोत आणि समोरचा पक्ष छळणारा आहे, अशी खात्री करून घेऊ शकतात. असे झाले, की आरशात प्रेक्षकाला दुसऱ्याचाच चेहरा दिसू लागतो.

म्हणून या प्रकाराच्या मूल्यमापनाची कसोटी खलपुरुष किती भयंकर रंगवला आहे, ही नव्हे. प्रेक्षकाला त्या रांगेत, तेंडुलकरांच्या त्या भिंतीत, स्वतःची जागा सापडते काय, ही ती कसोटी. निदाच्या विश्वासात ती सापडते. शालिनीच्या पूर्वायुष्यात ती अंधुक सापडते. नुसत्या घोषणांत ती सापडत नाही.

सत्तेच्या प्रतिसादाचा विचारही येथे केला पाहिजे. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगापूर्वी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळापुढे ठेवावी लागते. या पूर्वतपासणीला अमोल पालेकर यांनी २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. चित्रपटाला १९५२च्या कायद्याखाली प्रमाणपत्र लागते. 'घूल' आणि 'लैला' आल्या तेव्हा त्यांच्या माध्यमाला असे कोणतेही दार ओलांडावे लागत नव्हते. जानेवारी २०२१ मध्ये 'तांडव' या राजकीय मालिकेवरून गदारोळ झाला, निर्मात्यांनी क्षमा मागितली आणि काही दृश्ये बदलली. पुढच्याच महिन्यात या माध्यमासाठी वयानुसार वर्गीकरण आणि तक्रारनिवारण यांचे सरकारी नियम आले. पूर्वतपासणी आजही नाही. पण १९१० सालच्या बंदीत निदान सरकारने आपले नाव दिले होते. तक्रारीच्या आणि खटल्याच्या धास्तीने जे लिहिलेच जात नाही त्यावर कोणाचीच सही नसते. परवाना मागण्यापूर्वीच माणसे घरी थांबू लागली, की कोतवालाचे काम हलके होते.

राहता राहिला मराठीचा प्रश्न. या दोन्ही मालिकांत मराठी माणसे आहेत. मराठी भाषा नाही. आपल्या दूरचित्रवाणीवर या जातीची ठळक कृती अजून निर्माण झालेली नाही. रोजच्या मालिकेच्या घाटात घर हे विश्व असते आणि सत्ता म्हणजे घरातील किल्ल्या. घराबाहेरचे राज्य तेथे फारसे शिरत नाही. परंतु दुःस्वप्नराज्यासाठी मराठी लेखकाला भविष्यातील नगर नव्याने कल्पावे लागेल असेही नाही. गृहनिर्माण संस्थेत घर कोणाला द्यावे आणि कोणाला देऊ नये याची कुजबूज, टँकरचा क्रम लावणारी यादी, नाव बदलून मागणी भागवणारे शासन, विश्वासाने आपल्या माणसाला हवाली करणारे कुटुंब, हे सारे त्याच्या अंगणात आहे. मराठी रंगभूमीने भूतकाळाच्या वेषात हे लिहून दाखवले. तिच्याकडे कीचकाचा शेवट होता आणि नंतर नानाची न संपणारी मैफल होती. आता उरतो तो शेवट ठरलेला नसलेला काळ. तेथे कीचक मरेलच असे आश्वासन प्रेक्षकाला देता येणार नाही. भिंत कोणी बांधली, आणि आपला हात तीत किती, हे मात्र विचारता येईल. ज्या दिवशी एखादी मराठी मालिका हे विचारील, त्या दिवशी आपल्या गावोगावच्या आदर्श नगरांना त्यांच्या नावाचा पहिला अर्थ परत मिळेल.